चराऊ रानाला हवी महिनाभराची उसंत

सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातील मेंढपाळांसमवेत शिकण्याचा एक पाठ

ज्येष्ठ महिना सरत आला आणि आभाळ भरून येऊ लागले, की फलटण-दहिवडी रस्त्यावर, म्हसवडच्या माळावर आणि आटपाडी-जतच्या वाटांवर एक दृश्य हमखास दिसते. पुढे घोड्याच्या पाठीवर लादलेला संसार, त्यावर बसविलेली लहान मुले आणि कोंबड्या, मागोमाग शे-दीडशे मेंढरांचा कळप, त्यांच्या कडेने चालणारी कुत्री आणि सर्वांच्या मागे खांद्यावर घोंगडी टाकलेला मेंढपाळ. दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे किंवा कृष्णाकाठच्या बागाईत मुलखाकडे गेलेले धनगरांचे वाडे घरी परतत असतात. कोकणातील संततधार पाऊस आणि चिखल मेंढीला मानवत नाही; तिचे खूर कुजतात, पोटात जंत होतात. म्हणून उन्हाळा परमुलखात आणि पावसाळा मायभूमीच्या कोरड्या माळावर काढावयाचा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे.

हा शिरस्ता शहाणपणाचा आहे यात शंका नाही. परंतु त्यात एक अडचण दडलेली आहे. मेंढरे घरी येतात ती लांबच्या वाटचालीने थकलेली आणि भुकेली. माळावर त्याच वेळी मृगाच्या पहिल्या सरींनी गवताचे कोवळे कोंब नुकतेच डोके वर काढीत असतात. घरात साठविलेला चारा नसतो. मग मेंढपाळ काय करणार? तो मेंढरे माळावर सोडतो. बोटभर उंचीचे ते कोंब मेंढरे मुळापर्यंत खुडून खातात आणि भाद्रपदात जेथे गुडघाभर गवत उभे राहावयास हवे, तेथे खडे आणि तरवड तेवढे उरतात.

चराऊ रानांची हानी वर्षभर थोडी थोडी होत असते हे खरे. पण तिचा सर्वांत मोठा वाटा पावसाच्या पहिल्या महिन्यात पडतो. हा एक महिना रानाला उसंत मिळाली, तर उरलेल्या अकरा महिन्यांचे पुष्कळसे प्रश्न सुटू शकतात. ही उसंत कशी मिळवून द्यावी आणि त्यात मेंढपाळ, ग्रामपंचायत, शाळा व शासकीय कर्मचारी यांनी कोणता वाटा उचलावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुलूख आणि माणसे

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे सरकत माण तालुक्यात यावे, तर हे प्रमाण पाचशे मिलिमीटरच्या घरात येते, आणि तेही बेभरवशाचे. माण, खटाव, फलटण, खंडाळा हे साताऱ्याचे, आणि आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर हे सांगलीचे तालुके मिळून हा अवर्षणाचा पट्टा बनतो. हलकी मुरमाड जमीन, उघडे डोंगर आणि अधूनमधून बाभळी-बोरी असे त्याचे रूप आहे. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या स्मरणात अजून ताजा आहे. २०१२-१३ व २०१८-१९ चे दुष्काळ तर तरुणांनीही अनुभवले आहेत. चारा छावणी ही मुळात गाई-बैलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली व्यवस्था असल्याने अशा प्रसंगी मेंढपाळाला स्वतःच्या पायांवरच भिस्त ठेवावी लागते.

शेतीने दगा दिला तरी मेंढी आणि शेळी येथील कुटुंबाला तारून नेते. दख्खनी मेंढी ही या मुलखाची मूळ धन. तिचा लोणंद परिसरातील प्रकार विशेष प्रसिद्ध आहे. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी उंच, बाकदार नाकाची आणि झपाट्याने वजन धरणारी मेंढी ही सांगलीची देणगी होय. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोळ जातीतील जुळे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची स्थापना १९७८ साली झाली. पुढे त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव देण्यात आले. दहिवडी आणि रांजणी येथे त्याची प्रक्षेत्रे आहेत. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आणि एक कोटी सहा लाख शेळ्या होत्या. हे पशुधन केवढ्या कुटुंबांचा आधार असेल याची कल्पना यावरून यावी.

जातीची सुधारणा झाली, लसीकरण वाढले. परंतु मेंढी ज्या गवतावर उभी आहे त्याकडे मात्र तितकेसे लक्ष गेले नाही. दोन कोकरे देणाऱ्या मेंढीला एका कोकराच्या मेंढीहून अधिक चारा लागणार हे उघड आहे. तो कोठून यावयाचा? टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांचे पाणी आले, डाळिंब-द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्याबरोबर पूर्वीच्या पडजमिनी लागवडीखाली आल्या, बांधांवर तारा आल्या आणि मेंढरांच्या वाटा अरुंद झाल्या. जेवढे रान उरले आहे तेवढ्याचाच काटकसरीने व शहाणपणाने उपयोग करण्यावाचून गत्यंतर नाही.

पहिला पाठ : गवत मुळांतून वाढते

आपल्याकडील चांगली चराऊ गवते बहुवर्षायू आहेत. मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी गवत ही ती कुलीन मंडळी. उन्हाळ्यात त्यांची पाने वाळून जातात, पण बुडखा आणि मुळे जिवंत असतात. मागील पावसाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न या बुडख्यात साठविलेले असते. पहिला पाऊस पडताच जो कोंब फुटतो तो या साठ्याच्या बळावर. कोंबाला तीन-चार पाने आली, की ती सूर्यप्रकाशात स्वतः अन्न तयार करू लागतात आणि मग खर्च झालेला साठा हळूहळू भरून येतो.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर बुडख्यातील साठा म्हणजे कणगीतील बियाणे. पहिला कोंब खुडला गेला, की गवत उरलेल्या साठ्यातून दुसरा कोंब काढते. तोही खुडला, की तिसरा. बियाणे दळून खाणाऱ्या कुटुंबाची जी गत, तीच या गवताची होते. दोन-तीन वर्षे असे चालले, की बुडखा मरतो आणि त्याची जागा हलके गवत घेते.

फ्रान्समधील शास्त्रज्ञ आंद्रे व्हाझाँ यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा आग्रहाने मांडला. किती जनावरे चरली यापेक्षा ती एका जागी किती दिवस चरली आणि खुडलेल्या गवताला पुन्हा वाढण्यास किती दिवस मिळाले, याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. त्यांची कुरणे थंड व ओल्या हवेची होती, आपले माळ कोरडे आहेत. म्हणून त्यांचे दिवसांचे आकडे आपणांस जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. तत्त्व मात्र तेच राहते.

माण तालुक्यातील एका वृद्ध मेंढपाळाने प्रस्तुत लेखकाला हे तत्त्व एका वाक्यात सांगितले होते. 'सायेब, गवताला तीन पानं फुटू द्या, मग जितराब सोडा. पर पोटाला न्हाई त्यो तीन पानं कुठवर मोजंल?' त्याच्या वाक्याच्या पूर्वार्धात संपूर्ण कुरणशास्त्र आहे आणि उत्तरार्धात आपले सर्वांचे काम आहे.

दुसरा पाठ : रान वाचावे कसे?

रानाची प्रकृती कशी आहे हे ओळखण्यासाठी उपकरणांची गरज नाही. कोणते गवत उगवते ते पाहिले म्हणजे पुरे.

ज्या रानात मारवेल, पवन्या आणि शेडा विपुल आहेत ते रान निरोगी समजावे. ही गवते कमी होऊन कुसळी गवत वाढले, की रान थकू लागले असे जाणावे. कुसळीला बी धरल्यावर तिची टोकदार कुसळे मेंढीच्या लोकरीत व कातडीत शिरतात आणि तोंडाला जखमा करतात. म्हणून ती फुलोऱ्यावर येण्यापूर्वीच चारून घ्यावी. कुसळीही विरळ होऊन एका पावसाचे, चिमूटभर वाढून वाळणारे हलके गवत उरले, की रान आजारी आहे. आणि तरवड, घाणेरी, टाकळा, गाजरगवत यांचेच राज्य दिसू लागले, तर ते अंथरुणाला खिळले असे म्हणावे लागेल. वेडी बाभूळ हा आणखी एक इशारा. तिच्या शेंगा मेंढ्या-शेळ्या आवडीने खातात, बी लेंडीवाटे सर्वत्र पसरते आणि तिच्या दाट जाळीखाली गवत येत नाही.

ही उतरंड एका दिवसात होत नाही आणि तिची चढणही एका दिवसात होत नाही. परंतु काटेरी झुडपाच्या आडोशाला किंवा देवाच्या राखलेल्या बनात मारवेलीचे चार ठोंब शिल्लक असतील, तर रान परत येण्याची आशा असते. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडीचे बिरोबाचे बन सर्वांना परिचित आहे. धनगर समाजाने आपल्या दैवताभोवतीची झाडी श्रद्धेने राखली. रान राखण्याची कल्पना या समाजाला नवी नाही, हे आपण त्याला शिकवावयास जाताना ध्यानी ठेवलेले बरे.

तिसरा पाठ : रानाचा हिशेब

आपल्या गायरानावर किती मेंढ्या पोसतील, हा प्रश्न ग्रामसभेत निघाला की वाद होतात. त्यावर तोडगा म्हणजे मोजमाप. ते शाळेतील सातवीच्या मुलांनाही करता येईल.

भाद्रपदाच्या अखेरीस, गवत फुलोऱ्यावर असताना, रानात निरनिराळ्या दहा ठिकाणी एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा चौकोन आखावा. त्यातील गवत कापून उन्हात पूर्ण वाळवावे आणि वजन करावे. दहा वजनांची सरासरी काढावी. समजा, ती १०० ग्रॅम आली. एका हेक्टरात असे १०,००० चौकोन असतात. म्हणजे हेक्टरी १,००० किलो वाळलेले गवत झाले. यातील निम्मे रानातच राहू द्यावयाचे. बुडख्याचे संरक्षण, जमिनीवर सावली आणि पुढील वर्षाचे बी यांसाठी तो रानाचा वाटा होय. उरले ५०० किलो.

तीस किलो वजनाच्या मेंढीला दिवसाला सुमारे एक किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे हे एक हेक्टर रान एका मेंढीला ५०० दिवस, पाच मेंढ्यांना १०० दिवस किंवा शंभर मेंढ्यांच्या कळपाला अवघे पाच दिवस पुरेल. हा आकडा फळ्यावर लिहिला जातो तेव्हा सभेतील आवाज आपोआप खाली येतात. रान किती थोडे आहे हे मेंढपाळाला दिसते आणि मेंढपाळ वर्षातील सहा-सात महिने परमुलखात का जातो, हे इतर गावकऱ्यांना कळते.

शेळीचा हिशेब थोडा वेगळा मांडावा लागतो. मेंढी खाली मान घालून जमिनीलगतचे गवत कुरतडते. शेळी मान वर करून, प्रसंगी मागच्या पायांवर उभी राहून झाडपाला खाते. बोर, बाभूळ, हिवर यांची झुडपे असलेल्या रानात दोहोंना एकत्र चारल्यास एकमेकींचा घास हिरावला जात नाही. मात्र नव्याने रोपे लावलेल्या रानात शेळीला मुळीच प्रवेश देऊ नये.

चौथा पाठ : तीन तुकड्यांची पाळी

उपलब्ध रानाचे तीन तुकडे पाडावेत. तारेच्या कुंपणाची आवश्यकता नाही. चुना लावलेल्या दगडांची खूण, ओढा किंवा पायवाट एवढी हद्द पुरते. मेंढपाळ हेच चालते कुंपण होय.

पाऊस सुरू झाल्यापासून तीन ते चार आठवडे तिन्ही तुकडे बंद ठेवावेत. गवत वीतभर झाले, की पहिल्या तुकड्यात चराई सुरू करावी आणि चार बोटे गवत उरले, की तेथून कळप हलवावा. नंतर दुसऱ्या तुकड्यात जावे. तेवढ्यात पहिल्याला पुन्हा फुटवा येतो. या दोहोंत आलटून-पालटून पावसाळा काढावा. तिसऱ्या तुकड्यात मात्र गवताला फुलोरा येऊन, बी पिकून जमिनीवर पडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, पाऊल टाकू नये. बी झडल्यावर तेथे कळप फिरविला, तर खुरांनी जमिनीचा पापुद्रा फुटतो, बी मातीत दबते आणि लेंडीचे खत मिळते. पुढील वर्षी दुसरा तुकडा राखावा, त्यापुढील वर्षी पहिला. अशा रीतीने तीन वर्षांतून एकदा प्रत्येक तुकड्याला बी धरण्याची संधी मिळते.

रान फारच उजाड असेल, तर नुसत्या विश्रांतीने भागत नाही. उतारावर समतल चर काढून पाणी मुरवावे आणि पावसाच्या सुरुवातीला मारवेलीचे ठोंब लावावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलीचे सुधारित वाण दिले आहेत. त्याच्या जोडीला स्टायलो या द्विदल चाऱ्याचे बी टाकल्यास गवतातील प्रथिनांची उणीव भरून निघते आणि जमिनीलाही नत्र मिळते.

पाळीने चराई करण्याचा आणखी एक लाभ आहे आणि मेंढपाळाला तो चटकन पटतो. मेंढीच्या लेंडीतून पडलेल्या जंतांच्या अंड्यांतून दमट हवेत साधारण आठवड्याभरात रोगकारक अळ्या तयार होतात आणि दवाने भिजलेल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. पाच-सहा दिवसांत जागा बदलली आणि महिना-दीड महिना तेथे परत फिरकले नाही, तर त्यातील पुष्कळ अळ्या उपाशी मरतात. सकाळी दव उडाल्यावरच चराईस निघावे; डबक्याकाठचे गवत टाळावे, कारण तेथील गोगलगायींमुळे यकृतातील चपटे कृमी होतात. कोवळ्या गवतावर एकाएकी ताव मारल्याने आंत्रविषाराचा धोका वाढतो. त्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी. पावसाने ताण दिला असताना ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन किराळ लागते, हे मेंढपाळाला ठाऊकच असते.

मुख्य प्रश्न : त्या महिन्यात खायला काय घालावे?

आता त्या वृद्ध मेंढपाळाच्या प्रश्नाकडे वळू. रान बंद ठेवा असे सांगणे सोपे आहे; पण भुकेल्या कळपाला घेऊन त्याने कोठे जावे? याचे उत्तर दिल्यावाचून चराईचे कोणतेही शिक्षण म्हणजे कोरडा उपदेश होय.

हिशेब पुन्हा मांडू. पन्नास मेंढ्या, दररोज एक किलो, एकवीस दिवस. म्हणजे सुमारे एक टन कोरडा चारा. हा आकडा भीती वाटण्याजोगा नाही. तो चार ठिकाणांहून जमविता येतो.

पहिले ठिकाण राखलेल्या तुकड्याचे. तेथे बी झडल्यानंतर गवताचा जो भाग उरतो तो कापून गंजी रचावी. हे गवत फार कसदार नसते, पण पोट भरते. दुसरे ठिकाण बांधाचे. शेवरी, हादगा, सुबाभूळ यांचा पाला वाळवून ठेवल्यास गवताच्या निकसपणाची भरपाई होते. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नसावी. तिसरे ठिकाण उन्हाळ्यातील बाभळीचे. चैत्र-वैशाखात पडणाऱ्या तिच्या शेंगा पोत्यांत भरून ठेवणे हे मुलांनाही जमणारे काम आहे. चौथे ठिकाण शेतकऱ्याच्या खळ्याचे. तुरीचे भुसकट, भुईमुगाचा पाला आणि कापलेला कडबा यांची अदलाबदल मेंढ्या बसविण्याशी करता येते. रात्री शेतात वाघर लावून कळप बसवावयाचा आणि त्याच्या खताबद्दल धान्य किंवा पैसे घ्यावयाचे, ही जुनी रीत आहेच. त्या व्यवहारात 'आषाढासाठी दोन गाड्या भुसकट' एवढे कलम वाढविले, की दोघांचेही हित साधते.

शासनालाही या महिन्यांची निकड पटलेली आहे. २०१७ साली सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत पुढे चराई अनुदानाची तरतूद करण्यात आली आणि ती जून ते सप्टेंबर या पावसाळी चार महिन्यांसाठीच ठरविण्यात आली. हे अनुदान केवळ घरखर्चात न विरता त्यातील काही हिस्सा पहिल्या महिन्याच्या चाऱ्यावर खर्च व्हावा, यासाठी पशुधन विकास अधिकाऱ्यांनी वैशाखातच मेंढपाळ कुटुंबांशी बोलणे हितावह ठरेल. कुटुंबाशी असे म्हटले ते मुद्दाम. वाड्यातील दाणागोटा, आजारी कोकरांची देखभाल आणि बाजारहाट स्त्रिया पाहतात. त्यांच्या कानी न घातलेला बेत तडीस जात नाही.

बंदी नव्हे, पाळी

पाणलोट विकासाच्या चळवळीने या भागाला नवे बळ दिले. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने पहिला क्रमांक मिळविला, त्याचे कौतुक राज्यभर झाले. अशा कामांबरोबर अनेक गावे चराईबंदीचा ठराव करतात. चर काढलेल्या, रोपे लावलेल्या टेकडीला काही काळ पूर्ण विश्रांती हवी, हे निर्विवाद आहे.

परंतु बंदी कायमची झाली, तर दोन गोष्टी घडतात. वर्षानुवर्षे न चारलेले गवत जुनाट होते, वाळक्या पाचोळ्याखाली नवे फुटवे गुदमरतात आणि एका ठिणगीने सारी टेकडी पेट घेते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बंदीचा सारा भार गावातील ज्याच्यापाशी जमीन थोडी वा मुळीच नाही अशा मेंढपाळावर पडतो. पाणी अडते ते शेतकऱ्याच्या विहिरीसाठी आणि रान बंद होते ते मेंढपाळाचे. मग तो रात्री चोरून चारतो, भांडणे होतात, दंड होतो आणि शेवटी कळप विकून तो ऊसतोडीला किंवा मुंबईला जातो. गवत वाचले पण त्यावर जगणारे कुटुंब उठले, तर त्याला विकास म्हणता येईल काय, याचा विचार प्रत्येक पंचायत सदस्याने करावा.

यासाठी कायमच्या बंदीऐवजी पाळीचा नियम करावा आणि तो करताना मेंढपाळ समोर असावा. येथे एक साधी पण महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गायरानाविषयीचा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडला, तर मेंढपाळ त्या वेळी कोकणात किंवा कृष्णाकाठी असतो. १ मे रोजीही तो बहुधा वाटेवर असतो. १५ ऑगस्टला मात्र वाडा घरी असतो. म्हणून चराईचे सर्व निर्णय १५ ऑगस्टच्या, फार तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत व्हावेत. एवढ्या एका बदलाने नियम पाळले जाण्याची शक्यता कितीतरी वाढेल. जो नियम करण्यात आपला वाटा असतो तो राखण्यात माणूस स्वतःची प्रतिष्ठा मानतो.

गायरानाची जमीन राखण्यास कायद्याचेही पाठबळ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये स्पष्ट निर्देश दिले. प्रथम आपल्या गावाचे गायरान दप्तरी किती आणि प्रत्यक्षात किती, हे पंचायतीने तलाठ्यासमवेत फिरून पाहावे.

पाठ द्यावा कसा?

मेंढपाळाला बैठकीच्या खोलीत बोलावून व्याख्यान देण्याने फारसे साधत नाही. कळप सोडून तो येणार नाही, आणि आला तरी त्याचे मन कळपापाशी असते. पाठ रानातच घ्यावा, दुपारी मेंढरे सावलीला बसतात त्या वेळी.

सोबत एक कुदळ आणि घागरभर पाणी असावे. काटेरी झुडपाच्या आडोशाला वाढलेला मारवेलीचा एक ठोंब आणि उघड्या माळावरचा, वारंवार खुडला गेलेला दुसरा ठोंब, असे दोन्ही मुळांसकट खणून धुवावेत आणि शेजारी शेजारी ठेवावेत. एकाच्या मुळांचा दाट झुबका आणि दुसऱ्याची आखूड, विरळ मुळे पाहिल्यावर वेगळे काही सांगावे लागत नाही. आपण बोलणे थांबवावे आणि मेंढपाळांना बोलू द्यावे. कोणते गवत कोठे होते, केव्हा गेले, पाऊस कोणत्या नक्षत्रात साधला, याची जी माहिती ते देतील ती कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत ती उतरवून घ्यावी.

शिक्षकांना यात विशेष वाव आहे. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे सुपुत्र व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. धनगरांच्या वस्तीवर आलेल्या तरुण शिक्षकाची आणि दुष्काळाने उठून गेलेल्या वस्तीची ती कथा आहे. आजही या पट्ट्यातील अनेक वस्तीशाळांत मेंढपाळांची मुले शिकतात. शाळेमागे चार मीटर लांब-रुंद जागा काट्यांनी राखावी, निम्मी दर आठवड्याला विळ्याने कापावी आणि निम्मी तशीच वाढू द्यावी. भाद्रपदात दोहोंचे गवत वाळवून मुलांनी तोलावे. आपल्या मुलाने तोललेले गवत बापाला कोणत्याही अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा लवकर पटते.

उपसंहार

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. जगाचे लक्ष या विषयाकडे वळणे स्वागतार्ह आहे. पण माणदेशच्या माळावर गवत उगवेल ते माणदेशातील माणसांच्या निश्चयाने. याच भूमीत, आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधने आणि आज सांगली जिल्ह्यात असलेल्या आटपाडीने, एका संस्थानाच्या छत्राखाली १९३९ साली गावकारभार पंचायतींच्या हाती सोपविण्याचा प्रयोग पाहिला आहे. आपला कारभार आपण करावा, हा या मातीला झालेला जुना संस्कार होय.

तेव्हा पंचायतींनी येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मेंढपाळांना सन्मानाने पुढे बसवावे आणि पुढील वर्षासाठी तीन गोष्टी ठरवाव्यात : कोणता तुकडा राखावयाचा, त्याचे गवत कोणी कापून कोठे साठवावयाचे, आणि पहिल्या पावसानंतर एकवीस दिवस कोणत्या कळपाला किती चारा द्यावयाचा. ठराव एका पानाचा होईल. तो पाळला गेला, तर पुढच्या ज्येष्ठात घरी परतणाऱ्या मेंढरांसाठी दाराशी गंजी उभी असेल, आणि माळावरच्या कोंबाला त्याची तीन पाने निवांतपणे फुटतील.